चार दिवसांचा नागरिक

दोन घरची माणसे भेटली की पूर्वी काही ठरलेले प्रश्न असत. मुलाला नोकरी लागली का, मुलीचे कुठे जमले का, जागेचा ताबा मिळाला का. आता त्या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ग्रीन कार्ड आले का? पुण्यात, ठाण्यात, नाशिकला, अगदी सांगली-साताऱ्याकडेही हा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असते, अजून नाही. अर्ज करून दहा-बारा वर्षे झाली, तिकडे घर घेतले, मुले शाळेत जाऊ लागली, तरी अजून नाही. यावर विचारणारा पुढे काही बोलत नाही आणि उत्तर देणारा चहाचा कप उचलतो.

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढला. तिथे एक गोष्ट फार लवकर लक्षात आली. ज्याचा अर्ज नामंजूर होतो तो माणूस एकदा चिडतो, दोन शब्द सुनावतो आणि दुसऱ्या बँकेची वाट धरतो. पण ज्याला वरून अजून उत्तर आलेले नाही असे सांगावे लागते, तो पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी जरा अधिक नमून येतो. त्याला भांडता येत नाही, कारण नाही असे कुणी म्हटलेलेच नसते. त्याला निघूनही जाता येत नाही. नकारापेक्षा हे लोंबकळणे माणसाला अधिक पोखरते, असे माझे मत तेव्हापासून आहे.

त्यामुळेच असेल, परदेशात कागदासाठी थांबलेल्या आपल्या मुलांचा विषय निघाला की मला एका माणसाची आठवण होते. त्यांचे नाव भगतसिंग थिंद. नावावरून फसगत व्हायला नको. हे लाहोरला फाशी गेलेले हुतात्मा भगतसिंग नव्हेत. हे त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पंजाबातल्याच दुसऱ्या एका घरातले. त्यांनी एका देशाचे नागरिकत्व तीनदा मिळवले. पहिले चार दिवस टिकले, दुसरे सव्वादोन वर्षे, आणि तिसरे हाती यायला पहिल्यापासून अठरा वर्षे जावी लागली.

थिंद यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ रोजी अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ तलावा या गावी झाला. शिक्षण अमृतसरच्या खालसा कॉलेजात झाले. तिथे इमर्सन, थोरो, व्हिटमन ही अमेरिकन नावे त्यांच्या वाचनात आली आणि त्या देशाची ओढ लागली. पंजाबातून निघून, वाटेत काही काळ मनिलाला राहून, ४ जुलै १९१३ रोजी ते बोटीने सिॲटलला उतरले. तो अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता. हा निव्वळ योगायोग, पण एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला तो शुभशकुन वाटला असेल तर नवल नाही.

त्याच जुलै महिन्यात त्या खंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, न्यूयॉर्कला, आणखी एक भारतीय तरुण उतरला होता. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलेले भीमराव आंबेडकर. दोघांची गाठ पडल्याची कुठे नोंद नाही. तरी ही तारीख लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

थिंद बर्कलीच्या विद्यापीठात शिकू लागले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑरेगॉनमधल्या लाकूड कापायच्या गिरण्यांत मजुरी करून खर्च भागवू लागले. कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या ॲस्टोरिया गावात अशा गिरण्यांत बरेच पंजाबी कामगार होते. गदर चळवळीची पायाभरणी ज्या सभांतून झाली, त्यातली एक महत्त्वाची सभा १९१३ मध्ये याच गावी झाली. या चळवळीत आपली माणसेही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरे इथले विष्णू गणेश पिंगळे होते, जे लढायला परत आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले. थिंद यांना या मंडळींविषयी आस्था होती आणि भारताच्या स्वातंत्र्याविषयी ते उघड बोलत. हे बोलणे पुढे त्यांच्या फायलीला चिकटले.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली. जुलै १९१८ मध्ये थिंद अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस या छावणीत गेले. त्या वर्षीचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अंगावर अमेरिकन गणवेश, हातात बंदूक आणि डोक्यावर पगडी. दाढी आणि पगडी राखूनच त्यांनी ती नोकरी केली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना हंगामी सार्जंटची बढती मिळाली आणि त्याच आठवड्यात युद्ध संपले.

सैन्यात असलेल्या परदेशी माणसांना लवकर नागरिकत्व द्यावे असा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता. त्यानुसार ९ डिसेंबर १९१८ रोजी थिंद यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला. गणवेशातच त्यांनी तो घेतला. चौथ्या दिवशी तो रद्द झाला. नागरिकत्व खात्याचे म्हणणे असे की ते गोरे नाहीत. आणखी तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, सैन्याने त्यांना सन्मानाने सेवामुक्त केले. वर्तणूक उत्कृष्ट, असा शेरा त्या कागदावर होता. एकाच आठवड्यात एकाच सरकारच्या दोन खात्यांनी एकाच माणसाविषयी काढलेले हे दोन कागद. माझ्यासारख्या फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाला ते समोरासमोर ठेवून पाहावेसे वाटतात.

इथे त्या वेळचा कायदा थोडक्यात सांगायला हवा. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना नागरिक होता येत असे. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. आशियातल्या माणसाला कुठलाच रकाना नव्हता. गोरा म्हणजे कोण, हे मात्र कायद्याने कुठे सांगितले नव्हते. ते ज्या त्या न्यायाधीशाने ठरवायचे. त्यामुळे मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने नागरिक मानले. आणखी काही भारतीयांनाही ठिकठिकाणी दाखले मिळाले. एका खिडकीवर होणारे काम दुसऱ्या खिडकीवर अडायचे, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.

थिंद यांनी खिडकी बदलली. १९१९ च्या मे महिन्यात त्यांनी शेजारच्या ऑरेगॉन राज्यात नव्याने अर्ज केला. नागरिकत्व खात्याने तिथेही विरोध केला. या वेळी वर्णाबरोबर गदर चळवळीशी असलेल्या संबंधांचा मुद्दाही उकरला गेला. न्यायाधीश वुल्व्हर्टन यांनी सगळे ऐकून घेतले, थिंद यांची सैन्यातली नोकरी पाहिली, आणि १८ नोव्हेंबर १९२० रोजी त्यांना नागरिकत्व दिले. खाते गप्प बसले नाही. ते वरच्या न्यायालयात गेले आणि प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. हातात दाखला आहे, पण तो आपला आहे की नाही हे ठाऊक नाही, अशी सव्वादोन वर्षे त्यात गेली.

त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल. पंडित यांचा जन्म अहमदाबादचा, १८७५ सालचा. १९१४ मध्ये ते स्वतः अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत होते. म्हणजे अशिलाचा खटला हरला तर वकिलाचेही नागरिकत्व धोक्यात, अशी ती वकिली होती.

थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी तीनच महिने, नोव्हेंबर १९२२ मध्ये, याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षे अमेरिकी भूमीवर राहिलेले, घरात इंग्रजी बोलणारे. आपली कातडी अनेक गोऱ्यांइतकीच गोरी आहे, असा त्यांचा दावा होता. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल दिला की रंगाला महत्त्व नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. पंडित यांनी हाच धागा पकडला. मानववंशशास्त्राच्या त्या काळच्या पुस्तकांत उत्तर भारतातली माणसे कॉकेशियन गटात घातलेली होती. मग थिंद यांना नाही कसे म्हणणार?

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. एकमताने लागला आणि तोही न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिला. या खेपेस त्यांनी सांगितले की शास्त्रज्ञ काय म्हणतात याला महत्त्व नाही, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते पाहायचे, आणि सामान्य माणूस हिंदुस्थानी माणसाला गोरा म्हणत नाही. तीन महिन्यांपूर्वी ज्या कसोटीने एकाला बाहेर काढले, ती कसोटी दुसऱ्याने पुरी करताच कसोटीच बदलली. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले आणि अगदी लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. त्यांच्या घराला मात्र त्या दारात कुणी अडवले नव्हते.

इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. कादंबरीकाराला नायक निष्कलंक असावा असा मोह होतो, पण माणसाचे चरित्र तसे नसते. थिंद यांच्या बाजूने न्यायालयात जो युक्तिवाद झाला, त्यात त्यांना आर्य आणि उच्च जातीचे म्हटले होते. आपल्याकडचा उच्च जातीचा माणूस खालच्यांशी रोटीबेटी ठेवत नाही, म्हणजेच तो गोऱ्यांसारखाच, असा त्यातला सूर होता. जातपात न मानणाऱ्या शीख धर्मात वाढलेल्या माणसासाठी हा दावा केला जात होता. निकालपत्रातही त्यांची नोंद उच्च जातीचे हिंदू अशीच झाली, कारण तेव्हा अमेरिकेत भारतातून आलेला प्रत्येक जण हिंदूच. आता जुलै १९१३ ची ती तारीख आठवावी. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला उतरलेल्या आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात जातिव्यवस्थेवर निबंध वाचून तिच्या मुळाशीच हात घातला होता. एकाच देशातून, एकाच महिन्यात आलेले दोन तरुण. एकाने भिंत कशी उभी राहते ते उलगडून दाखवले, तर दुसऱ्याच्या खटल्यात भिंतीच्या आत जागा मागितली गेली. मला हे खटकते. पण दारात अडलेला माणूस हाताला लागेल ती किल्ली लावून बघतो, हेही मी आयुष्यभर पाहिले आहे.

या निकालाची किंमत एकट्या थिंद यांनी दिली नाही. त्याचा आधार घेऊन सरकारने इतर भारतीयांचे दाखले परत मागायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घेता येत नसे. तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पेशावरहून १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह आलेले वैष्णो दास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार. १९२१ मध्ये ते नागरिक झाले होते. त्यांचा दाखला गेला, मालमत्ता गेली, आणि १९२८ मध्ये भारतात जाऊन येण्यासाठी अमेरिकन पासपोर्ट मागितला तर तोही मिळाला नाही. मुलाबाळांसाठी इतके करूनही आपण कुठल्याच देशाचे उरलो नाही, या दुःखात त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. मागे राहिलेल्या कलाबाईंनी तिन्ही मुलांना वाढवले, शिकवले. त्या १९८३ पर्यंत जगल्या. बर्कलीत एकेकाळी शेजाऱ्यांनी या कुटुंबाला त्यांच्याच नव्या घरात पाऊल टाकू दिले नव्हते. त्याच बर्कलीत आज एका रस्त्याला कला बगाईंचे नाव आहे.

वकील पंडित यांच्यावरही सरकारने दावा लावला. ते स्वतःसाठी लढले. आपण या नागरिकत्वाच्या भरवशावर वकिलीची सनद घेतली, लग्न केले, घर केले, मायदेशातले हक्क सोडले, आता ते काढून घेणे अन्याय आहे, अशी त्यांची बाजू होती. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एकदा हरकत ऐकून घेऊन दिलेले नागरिकत्व त्याच मुद्द्यावर पुन्हा उकरता येणार नाही, असे ठरले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायचे नाकारले. त्यानंतर उरलेल्या भारतीयांवरचे दावे सरकारने सोडून दिले. थिंद यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातच संपले होते.

मग या माणसाने काय केले? मला या चरित्रात सगळ्यात मोलाची वाटतात ती ही १९२३ नंतरची वर्षे, ज्यांत खटला नाही, बातमी नाही. थिंद अमेरिकेतच राहिले. ते व्याख्याने देऊ लागले. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे, सभागृह घ्यायचे आणि लोकांपुढे अध्यात्मावर बोलायचे. नानक आणि कबीर, वेद आणि बायबल, आणि अमृतसरला वाचलेले इमर्सन, व्हिटमन हे सगळे त्यांच्या बोलण्यात येई. ऐकायला येणारे बहुतेक गोरे अमेरिकन. न्यायालयाने ज्या सामान्य माणसाच्या नावाने त्यांना परके ठरवले होते, तोच सामान्य माणूस संध्याकाळी खुर्चीवर बसून त्यांचे ऐकत होता, त्यांचा शिष्य होत होता. पुढे त्यांनी पुस्तके लिहिली. डोक्यावरची पगडी त्यांनी शेवटपर्यंत उतरवली नाही.

कागद आला की मग जगायला लागू, असे त्यांनी म्हटले असते तर वयाची सव्विसाव्यापासून चाळिशीपर्यंतची सगळी वर्षे दारात उभे राहण्यात गेली असती. माणसाच्या उमेदीची वर्षे तीच असतात.

शेवटी कागद आला तो अनपेक्षित दिशेने. पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून लढलेल्या, पण वंशामुळे नागरिकत्व न मिळालेल्या आशियाई सैनिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. जून १९३५ मध्ये काँग्रेसने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. थिंद यांनी न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्यांदा अर्ज केला आणि १९३६ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांच्या विद्वत्तेचा, वंशाचा, वकिलाच्या हुशारीचा इथे काही संबंध आला नाही. कामी आली ती १९१८ मधली काही महिन्यांची शिपाईगिरी आणि तिचा दाखला. कुठला कागद कधी उपयोगी पडेल ते सांगता येत नाही, म्हणून जुनी कागदपत्रे फेकू नयेत, हे बँकेतले शहाणपण इथे फार मोठ्या अर्थाने खरे ठरले.

१९४० मध्ये त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी लग्न केले, संसार थाटला. जुलै १९४६ मध्ये कायदा बदलून भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले आणि वर्षाला शंभर जणांना येण्याची मुभा मिळाली. १९५२ मध्ये नागरिकत्वातली वंशाची अट पूर्णपणे गेली. दलीपसिंग सौंद हे १९४९ मध्ये नागरिक झालेले पंजाबी गृहस्थ १९५६ मध्ये चक्क अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने वंश पाहून देशादेशांना कोटा देण्याची पद्धत संपवली. आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले ते या कायद्यामुळे. त्या दिवशी थिंद यांचा त्र्याहत्तरावा वाढदिवस होता.

आजच्या रांगेचे मूळही काही अंशी याच कायद्यात आहे. कुणालाच झुकते माप नको म्हणून देशवार समान मर्यादा घालण्याचे तत्त्व त्यात होते. १९९० च्या कायद्याने ती मर्यादा सात टक्के झाली. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे, त्यात बायकामुलेही धरलेली, आणि अर्जदार कुठे जन्मला त्यावरून त्याची रांग ठरणार. लहान देशाला जेवढी कमाल मर्यादा, तेवढीच भारताला. अर्ज मंजूर असतो, नकार कुणीच दिलेला नसतो, पण नंबर येत नाही. दर महिन्याला तारखांचे पत्रक निघते. कधी तारीख दोन आठवडे पुढे सरकते, कधी मागे जाते. तोवर व्हिसा वाढवत राहायचे. वडील आजारी पडले तर निघावे की नाही, परतताना व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल का, याचा हिशेब मांडायचा. लहानपणी नेलेली मुले एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून बाहेर पडण्याची भीती असते ती वेगळीच.

थिंद यांच्यावर झालेला अन्याय आणि हा विलंब एकच आहेत असे मी म्हणणार नाही. तो उघड अपमान होता. हा बराचसा आकड्यांचा घोळ आहे, आणि आपल्या मुलांना निदान चांगली नोकरी, बरे घर आहे. पण दोन्हीकडे माणसाला एकच गोष्ट छळते. आपल्यातच काही कमी असेल का, ही शंका. थिंद यांच्यात काही कमी नव्हते, कमतरता रकान्यात होती. आपल्या मुलांना दूरध्वनीवर दर आठवड्याला तोच प्रश्न विचारण्याऐवजी एवढे एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचवता आले तर बरे. बगाईंची गोष्ट मी मुद्दाम सांगितली तीही यासाठीच. अशा वाट पाहण्यात माणूस आतून एकटा पडतो आणि घरच्यांना ते शेवटपर्यंत कळत नाही.

भगतसिंग थिंद १५ सप्टेंबर १९६७ रोजी लॉस एंजेलिसला वारले. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या मुलांना त्यांचा खटला आजही अभ्यासावा लागतो. न्यायालयही कसे चुकते याचे उदाहरण म्हणून तो शिकवला जातो. त्या खटल्याच्या नावात एका बाजूला अमेरिकेची संयुक्त संस्थाने आहेत आणि दुसऱ्या बाजूला तारागढ तलाव्याचा एक माणूस. निकाल त्याच्या विरुद्ध गेला, पण तो माणूस तिथून हलला नाही.